इंग्रजी व्याकरणाचे खेळ: पन्नास मुलं आणि पस्तीस मिनिटांच्या तासासाठी

व्याकरणाचा खेळ निवडताना कसोटी एकच: जे रूप शिकवायचं आहे ते तोंडातून न काढता मुलाला डाव जिंकता येतो का? येत असेल तर तो खेळ पीटीच्या तासाला ठेवावा. शब्दांच्या भेंड्या, बिंगो, फळ्यावर धावत जाऊन शब्द पुसणं, यात हशा भरपूर होतो. पण 'डज' आणि 'डिड' जिथल्या तिथेच राहतात.

दुसरं, खेळ पुस्तकातल्या धड्यांच्या क्रमाने न घेता मराठी मूल जिथे हटकून अडखळतं तिथे घ्यावा. मराठी माध्यमातही २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे पाचवीतल्या मुलाकडे 'मँगो' असतो, 'ईट' असतं. तरी ते 'आय मँगो ईट' म्हणतं, कारण त्याच्या कानात क्रियापद शेवटी येतं. 'काल मी गेलो होतो' या वळणावर ते 'आय हॅड गॉन येस्टरडे' लिहितं. खुर्ची 'ती' म्हणून 'शी' होते. प्रश्न विचारताना शेवटी सूर चढवला की काम झालं असं वाटतं: 'यू ड्रिंक टी?' या चुका पुण्यात पेठेतल्या शाळेतही होतात आणि वाघोलीतल्या सेमी-इंग्लिशच्या वर्गातही. पुढचे खेळ याच जागा धरून मांडले आहेत.

सामान आणि वेळ

अप्पा बळवंत चौकात कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात पांढरी कार्डशीट मिळते. २२ × २८ इंचांच्या एका शीटमधून ४ × ७ इंचांची २० कार्डं निघतात आणि दोन इंचांची एक पट्टी उरते. ती विरामचिन्हांना पुरते. अक्षर किमान दोन इंच उंच आणि जाड टोकाच्या मार्करने काढावं. स्केचपेनची रेघ शेवटच्या बाकावरून दिसत नाही. कर्ता निळा, मुख्य क्रियापद लाल, 'डू-डज-डिड'सारखी सहाय्यक क्रियापदं हिरवी, बाकी सगळं काळं. हे रंग वर्षभर बदलायचे नाहीत. कार्डं टिकावीत म्हणून लॅमिनेट करायचा मोह होतो, पण चकचकीत कार्डावर ट्यूबलाइटची तिरीप पडते आणि अर्ध्या वर्गाला नुसता पांढरा चट्टा दिसतो. त्यापेक्षा कडांना सेलोटेप लावावी.

पस्तीस मिनिटांच्या तासात सूचना पाच मिनिटं, खेळ वीस आणि शेवटची दहा मिनिटं वहीची. ही दहा मिनिटं खेळाच्या भरात खाल्ली गेली की मुलं घरी रिकामी वही नेतात आणि दुसऱ्या दिवशी पालक विचारायला येतात. खेळातलीच चार वाक्यं, तारीख घालून लिहायची, एवढं पुरतं. सूचना बिनदिक्कत मराठीत द्याव्यात. इंग्रजीत सूचना देण्यात सात मिनिटं जातात आणि तरी मागचे दोन बाक 'बाई, काय करायचंय?' म्हणून विचारतातच.

चालतं वाक्य

पाचवी ते आठवीपर्यंत एकच खेळ करायचा झाला तर हा करावा. दहा कार्डं लागतात: 'दे', 'ही', 'प्ले', 'क्रिकेट', 'एव्हरी संडे', 'डू', 'नॉट', 'एस', प्रश्नचिन्ह आणि पूर्णविराम. 'एस'च्या मागच्या बाजूला 'ईएस' लिहून ठेवावं. संपूर्ण वर्गात 'एस'चं कार्ड एकच असलं पाहिजे. सगळी गंमत त्यातच आहे.

पाच मुलं फळ्यासमोर उभी राहतात: दे, प्ले, क्रिकेट, एव्हरी संडे, पूर्णविराम. वर्ग वाक्य मोठ्याने वाचतो. आता 'दे'ला बसवून 'ही'ला उभं करा आणि गप्प राहा. कुणीतरी ओरडतंच, 'एस पाहिजे!' मग 'एस' उठतो आणि 'प्ले'च्या खांद्याला खांदा लावून उभा राहतो. पुन्हा वाचन: 'ही प्लेज क्रिकेट एव्हरी संडे.'

आता याचा प्रश्न करायचा. पूर्णविराम जातो, प्रश्नचिन्ह येतं. 'डू' येऊन 'ही'च्या आधी उभा राहतो. आणि 'एस' 'प्ले'ला सोडून, सगळ्यांच्या देखत चालत जाऊन, 'डू'ला चिकटतो आणि कार्ड उलटून 'ईएस' दाखवतो. 'डज ही प्ले क्रिकेट एव्हरी संडे?' हे चार पावलांचं चालणं म्हणजेच धडा. पुढे वहीत कुणी 'डज ही प्लेज' लिहिलं तर नियम सांगायची गरज पडत नाही. 'वर्गात एस किती होते?' एवढं विचारलं की मूल स्वतःच एक खोडतं. नकारार्थी वाक्यात 'डू' आणि 'नॉट' हे 'ही'च्या नंतर येतात, 'एस' पुन्हा 'डू'कडे जातो. एकदा हे अंगवळणी पडलं की भूतकाळाला नवा खेळ लागत नाही: 'एस'च्या जागी 'ईडी'चं कार्ड घ्या आणि 'डू'च्या मागे 'डिड' लिहा. 'ईडी' चालत येऊन 'डू'च्या पाठीमागे लपतो, कार्ड उलटतं, 'डिड ही प्ले?' तयार. 'आय डिडन्ट वेंट' ही दहावीपर्यंत पाठ न सोडणारी चूक इथेच पकडता येते, कारण भूतकाळाचा माल एकदाच वाटायचा आहे आणि तो 'डिड'ने आधीच घेतलेला आहे.

हा खेळ फसतो तो ठरावीक ठिकाणी. पहिलं म्हणजे शिक्षकच दंड धरून मुलांना जागेवर उभं करतात. मग ती नुसती परेड होते. कोण कुठे जाईल हे बाकांवरच्या मुलांनी सांगायचं. दुसरं, मुलं वर्गाकडे तोंड करून उभी असतात, त्यामुळे त्यांचं डावं-उजवं वाचणाऱ्यांच्या उलट पडतं आणि पहिल्या वेळी वाक्य हमखास शेवटाकडून सुरू होतं. वर्गाच्या डाव्या हाताला जमिनीवर खडूने बाण काढून ठेवा. तिसरं, समोर दहा आणि बसलेली चाळीस. त्या चाळिसांना काम हवं: कुणीही हलण्याआधी प्रत्येक बाकाने पुढचं वाक्य कच्च्या वहीत लिहायचं, मग समोरची रांग हलणार आणि आपलं वाक्य ताडून बघायचं.

क्रियापदं निवडताना पहिल्या आठवड्यात 'प्ले', 'रीड', 'ड्रिंक', 'स्पीक' अशी सरळ घ्यावीत. मात्र 'ईडी'चा डाव फक्त 'प्ले', 'कुक', 'वॉक' यांवर, कारण 'रीड', 'ड्रिंक' त्यात बसत नाहीत. 'गो', 'वॉच' दुसऱ्या आठवड्यात, 'स्टडी' त्यानंतर. 'हॅव' आणि 'इज-आर' या खेळात आणूच नयेत. 'हॅज'मध्ये 'एस' दिसत असला तरी तो कुठून आला हे कार्डाने दाखवता येत नाही आणि सगळी चौकट ढासळते.

चिठ्ठीवरून प्रश्न

प्रत्येकाला सहा ओळींची चिठ्ठी मिळते: 'गोज टू स्कूल बाय बस', 'स्पीक्स थ्री लँग्वेजेस', 'डझन्ट लाइक मिसळ', 'लिव्ज निअर अ रिव्हर'. वर्गात फिरून अशी माणसं शोधायची आणि नावापुढे सही घ्यायची. इंग्रजी शिकवणाऱ्यांत हा खेळ सर्वांना माहीत आहे. पण जिथे बाकं जमिनीला ठोकलेली आणि मधली वाट दीड फुटाची, तिथे पन्नास मुलं सुटली की तास संपला. म्हणून फिरणं आखून द्यावं: एक सोडून एक ओळ बसून राहते, उरलेल्या ओळी टाळी वाजली की एक बाक मागे सरकतात, शेवटचा बाक पुढे येतो. एका जागी चाळीस सेकंद.

चिठ्ठीवर तयार प्रश्न कधीही लिहू नये. 'गोज'चं 'डू यू गो' मुलानेच करायचं आहे, नाहीतर त्याला करायला उरतं काय? आणि सही देणाऱ्याला एक हक्क द्यावा: प्रश्न चुकीचा ऐकला तर सही नाही. हा हक्क मुलं फार कडकपणे बजावतात, शिक्षकापेक्षाही. 'ए, तू बसने येतोस का रे' असं कुजबुजून सही मिळवण्याचा धंदा त्यामुळे बंद पडतो. शेवटी चार-पाच जणांनी उभं राहून सांगायचं, 'साक्षी गोज टू स्कूल बाय बस'. म्हणजे 'एस' परत घरी आला.

हातवारे आणि मंडई

वेळेच्या शब्दयोगींसाठी काहीही सामान लागत नाही. 'ॲट'ला एक बोट, 'ऑन'ला उघडा तळवा, 'इन'ला दोन्ही हातांची ओंजळ. शिक्षक म्हणतात 'फाइव्ह ओ'क्लॉक', बोट. 'फिफ्टीन्थ ऑगस्ट', तळवा. 'ऑगस्ट', ओंजळ. नेमका क्षण, एक दिवस, लांबलचक काळ, हा फरक हातात बसतो. दोन मिनिटं झाली की खोडी काढा: 'द मॉर्निंग' म्हटल्यावर ओंजळ येते, लगेच 'मंडे मॉर्निंग' म्हणा, वाराचं नाव आलं की तळवा. 'नाइट'ला बोट, याला कारण विचारू नये, पाठच करावं. तासाच्या सुरुवातीला पाच मिनिटं, रोज. त्याहून लांबवलं की कंटाळा येतो.

जागेच्या शब्दयोगींना मात्र चित्र लागतं, कारण आपल्या 'वर'मध्ये 'ऑन', 'ओव्हर' आणि 'अबव्ह' तिन्ही मावतात. दोघं पाठीला पाठ लावून बसतात, एक चित्र सांगतो, दुसरा काढतो. चित्रात टेबलावरचा डबा आणि टेबलावरचा पंखा दोन्ही असू द्यावेत, म्हणजे 'द फॅन इज ऑन द टेबल' ऐकून जोडीदार पंखा डब्याशेजारी ठेवतो आणि चूक आपली आपणच दिसते.

'अ', 'ॲन', 'द' हे मराठीत नाहीतच, म्हणून मुलं ते एकतर गाळतात, नाहीतर सगळीकडे मिठासारखे भुरभुरतात. त्यासाठी मंडईची साखळी. पहिला म्हणतो, 'आय वेंट टू मंडई अँड आय बॉट अ कॅबेज.' दुसरा ते म्हणून आपलं जोडतो, 'ॲन अनियन.' तिसरा, 'सम कोरिअँडर.' आठ जणांपर्यंत साखळी चालते. पुढे स्मरणशक्तीची परीक्षा होते आणि व्याकरण मागे पडतं, तेव्हा आठव्यानंतर नवी साखळी सुरू करावी. 'अ' आणि 'ॲन' उच्चारावर ठरतात, स्पेलिंगवर नाही, हे भाजीत कळत नाही. त्यासाठी शेवटच्या फेरीत मुद्दाम 'अम्ब्रेला' आणि 'युनिफॉर्म' पिशवीत घाला. दोन्हींचं पहिलं अक्षर एकच, तरी 'ॲन अम्ब्रेला' पण 'अ युनिफॉर्म'.

'द'साठी दुसरा डाव. साखळी संपल्यावर शिक्षक 'आई' होतात आणि विचारतात, 'व्हेअर इज द कॅबेज?' ज्याने कोबी आणला त्याने सांगायचं, 'द कॅबेज इज इन द बॅग.' आधी कुठला तरी कोबी, आता आपला तो कोबी. पाच-सहा प्रश्नांत फरक पोचतो. व्याख्या सांगून तो सहसा पोचत नाही.

तपास

आठवी-नववीला भूतकाळासाठी याच्या तोडीचा खेळ नाही. गुन्हा साधा ठेवा: काल संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यान स्टाफरूममधल्या डब्यातले लाडू गायब झाले. दोन संशयित. दोघांचं म्हणणं, आम्ही त्या वेळी सारसबागेत बरोबर होतो. त्यांना तीन मिनिटं वर्गाबाहेर पाठवा, गोष्ट जुळवून यायला. तेवढ्या वेळात वर्ग चौघाचौघांच्या गटात प्रत्येकी सहा प्रश्न तयार करतो. मग एक संशयित आत, चार मिनिटं चौकशी. तो पुढच्या बाकावर बसतो, दुसरा आत येतो, त्यालाही तेच प्रश्न. उत्तरांत तीन फरक सापडले तर दोघे दोषी.

इथे काळ चुकला तर तपासच चुकतो. 'व्हॉट वर यू डूइंग ॲट सेव्हन?' आणि 'व्हॉट डिड यू डू ॲट सेव्हन?' यांची उत्तरं वेगळी येतात: पहिल्याचं 'वुई वर ईटिंग भेळ', दुसऱ्याचं 'वुई लेफ्ट द गार्डन'. गटांकडून दोन्ही प्रकारचे किमान दोन-दोन प्रश्न आधी लिहून घ्यावेत, नाहीतर सगळे 'व्हॉट वॉज द कलर ऑफ युवर शर्ट' यावरच रेंगाळतात. एक सूचना संशयितांना कानात द्यावी: 'आय डोन्ट रिमेंबर' फक्त दोनदा चालेल. ही मर्यादा नसेल तर हुशार मुलं तेवढ्यावरच सुटतात.

चौकशीत 'वुई हॅड गॉन टू सारसबाग' हे वाक्य येणारच, कारण मनात 'गेलो होतो' आहे. मध्ये थांबवून दुरुस्त करू नका, रंग जातो. फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा आणि निकाल लागल्यावर दोन चित्रं काढा. पहिल्यात स्वारगेटच्या स्टँडवर बस उभी, मुलगा धापा टाकत पोचतोय. दुसऱ्यात तोच मुलगा पोचलाय, स्टँड रिकामा, लांब वळणावर बसची मागची बाजू. पहिल्याखाली 'व्हेन आय रीच्ड स्वारगेट, द बस लेफ्ट.' दुसऱ्याखाली 'व्हेन आय रीच्ड स्वारगेट, द बस हॅड लेफ्ट.' कुठल्या मुलाला बस मिळायची आशा होती, हे विचारा. 'हॅड'ला भूतकाळातली दुसरी घटना सोबतीला लागते, आणि दोन्हींत जी आधी झाली तिच्याबरोबर 'हॅड' उभा राहतो. सारसबागेच्या वाक्यात दुसरी घटना कुठे आहे? नाही. मग 'वुई वेंट', संपलं.

हा खेळ आवाजाचा आहे. शेजारच्या वर्गाचा विचार करून मधल्या सुट्टीनंतरचा किंवा शेवटचा तास घ्यावा. आणि त्याच वर्गात महिनाभर पुन्हा करू नये, मुलं ठरावीक गोष्टी घोकून येतात.

वाक्यांचा लिलाव

पाच-पाच जणांचे गट, प्रत्येकाकडे कागदावर १००० रुपये. शिक्षक फळ्यावर एकेक वाक्य लिहितात, बोली ५० पासून, ५०-५० ने वाढते. वाक्य बरोबर निघालं तर लावलेले पैसे दुप्पट होऊन परत, चुकीचं निघालं तर बुडाले. चुकीचं आहे हे आधी ओळखून दुरुस्त करून दाखवणाऱ्या गटाला १०० बक्षीस. बारा वाक्यं तासाला पुरतात, त्यांत पाच-सहा चुकीची. वानगीदाखल:

'माय फादर इज हॅविंग अ रिक्षा.' चूक. मालकी सांगणारा 'हॅव' असा चालू काळात जात नाही. 'माय फादर हॅज अ रिक्षा'.
'द न्यूज इज गुड.' बरोबर, पण 'एस' पाहून निम्मे गट माघार घेतात.
'वन ऑफ माय फ्रेंड लिव्ज इन हडपसर.' चूक, 'फ्रेंड्स' हवं. इथे गंमत अशी की बरेच गट 'लिव्ज' बदलतात.
'व्हाय यू आर लाफिंग?' चूक.
'शी वेटेड फॉर ॲन अवर.' बरोबर.

प्रत्येक बोलीला ३०० ची कमाल मर्यादा घालावी. नाहीतर एखादा गट पहिल्याच वाक्यावर सगळं लावून रिकामा होतो आणि उरलेला तास दंगा करतो. बोली लावणारा दर वाक्याला बदलायचा, म्हणजे गटातला एकच हुशार सगळा व्यवहार करत नाही. एका वाक्यात चूक एकच असावी. सगळ्यात महत्त्वाचं, चुकीचं वाक्य फळ्यावर रेंगाळू देऊ नका. निकाल लागताच रंगीत खडूने सुधारा आणि मूळ चूक पुसा, कारण फळ्यावर पाहिलेलं मुलांच्या डोळ्यांत राहतं. याच कारणासाठी सातवीच्या खाली लिलाव करूच नये. त्या वयात बरोबर वाक्यच अजून पक्कं झालेलं नसतं.

निरोप्या

दहावीच्या पेपरात 'डू ॲज डायरेक्टेड'मध्ये डायरेक्ट-इनडायरेक्ट येतं, तेव्हा हा खेळ तिथे कामाला येतो. मराठीत 'तो म्हणाला की मी उद्या येतो' हे अगदी शुद्ध आहे. तेच उचलून मुलं 'ही सेड दॅट आय विल कम टुमॉरो' लिहितात आणि येणारा माणूसच बदलतो. तिघांची ओळ: पहिला दुसऱ्याच्या कानात वाक्य सांगतो, दुसरा वर्गाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तिसऱ्याला निरोप देतो, तिसरा त्यावरून मूळ वाक्य पहिल्याच्या शब्दांत परत उभं करतो. जुळलं तर गुण. 'आय' न बदलता निरोप दिला की तिसऱ्याला वाटतं निरोप्याच येणार आहे, आणि मूळ वाक्य जुळत नाही.

निरोप त्या दिवशीच दिला की 'टुमॉरो'चं 'द नेक्स्ट डे' करण्यात अर्थ वाटत नाही, मुलं तसं विचारतातही आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे. म्हणून चिठ्ठ्यांवर तारीख घाला: निरोप सोमवारी मिळाला, पोचवायचा शुक्रवारी. मग 'टुमॉरो' आपोआप अडतो. तसंच 'शी सेड शी लिव्ज इन कोथरूड' हे, ती अजून कोथरूडला राहत असेल तर, इंग्रजीत चालतं. पण पेपर तपासणाऱ्याला 'लिव्ड' अपेक्षित असतं. दोन्ही सांगावं आणि उत्तरपत्रिकेत कुठलं लिहायचं तेही स्पष्ट सांगावं. वाक्यं पाठ्यपुस्तकातल्या धड्यांमधल्या संवादांतूनच उचलावीत, धड्याची उजळणी त्यातच होऊन जाते. एका तासात आठ वाक्यं होतात. चार साधी, दोन प्रश्न, दोन आज्ञार्थी. आज्ञार्थीला 'टोल्ड मी टू' लागतं, ते शेवटी घ्यावं.